पाढ्यांपासून व्याजापर्यंत : गुणाकार, अवयव आणि घात



मागे पूर्णा तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला बसले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि एक ताई कर्जवही माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मॅडम, मी बारा हजार घेतले होते. दर महिन्याला हजार फेडते. सात हप्ते झाले. तरी व्याज अजून दोनशे चाळीसच कसं काय?"

मी वही बघितली. बारा हजार, शेकडा दोन, म्हणजे दोनशे चाळीस. मी म्हणाले, "ताई, बरोबरच आहे की."

त्या म्हणाल्या, "बरोबर कसं? बारा हजार आता माझ्याकडं हायेत कुठं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एमएसडब्ल्यू झालेली मी, आणि चूक धरली पाचवीतून शाळा सुटलेल्या ताईंनी. हिशोब लिहिणाऱ्या बहिणीनं कुणाला फसवलं नव्हतं. आधीच्या महिन्याचा आकडा ती पुढच्या महिन्यात तसाच उतरवत गेली होती. पण त्या चुकीपायी ताईंचे चारशे वीस रुपये जास्त गेले होते. ते कसे, हे पुढं दाखवते.

त्या दिवशी ठरवलं की आपल्या पत्रिकेत एकदा गणितावर लिहायचं. गुणाकार, अवयव आणि घात या तीन गोष्टी कळल्या, की कर्जवहीतली निम्मी भीती जाते.

गुणाकार : पुन्हा पुन्हा बेरीज

आपल्या गटात १२ जणी आहेत आणि प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये आहे. एकेकीचे शंभर मिळवत गेलो तर बारा वेळा बेरीज करावी लागेल. त्यापेक्षा १२ गुणिले १०० म्हणजे १,२०० रुपये. वर्षाचे किती? १,२०० गुणिले १२ म्हणजे १४,४०० रुपये. तीच तीच बेरीज एका दमात करणं म्हणजे गुणाकार, दुसरं काही नाही.

साडीवर पापड वाळत घातलेत असं डोळ्यांपुढं आणा. एका ओळीत ८ पापड, अशा ६ ओळी. एकूण ४८. आता साडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहा. तिथून ८ ओळी दिसतात, प्रत्येकीत ६ पापड. पापड तेवढेच. म्हणून सहा आठे अठ्ठेचाळीस आणि आठ सक अठ्ठेचाळीस एकच. याचा फायदा असा, की एक पाढा आठवला नाही तर उलटा म्हणून बघायचा.

मोठा आकडा आला की तो फोडायचा. कापूस वेचणीचे किलोला १२ रुपये ठरलेत आणि वेचला ३५ किलो. ३५ दाहे ३५०, ३५ दुणे ७०, मिळून ४२० रुपये. तसंच ४७ गुणिले ८ करायचं असेल तर ४७ ऐवजी ५० धरा. ५० आठे ४००. तीन जास्त धरले होते, म्हणून तीन आठे २४ वजा करा. उत्तर ३७६. कागद लागत नाही. बाजारात तुम्ही हे रोज करताच, फक्त त्याला गणित म्हणत नाही.

जुन्या शाळेत शिकलेल्या आजींना विचारा, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी असे पाढे आठवतील. हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे. आज शाळेत ते फारसे कुणी पाठ करत नाही, पण व्याजाला ते फार कामाचे आहेत. समजा व्याज शेकडा दीड आहे आणि कर्ज ७,००० रुपये. सात हजारात शेकडे किती? ७०. सातांची दिडकी साडेदहा, म्हणून सत्तरांची १०५. महिन्याचं व्याज १०५ रुपये. मोबाईल काढेपर्यंत आजींचं उत्तर आलेलं असतं.

गटाचं व्याज कसं काढायचं

शेकडा दोन म्हणजे दर शंभराला महिन्याला दोन रुपये. तेव्हा आधी कर्जात शंभर किती वेळा बसतात ते बघायचं. शेवटची दोन शून्यं झाकली की झालं. १२,००० मध्ये १२० शेकडे. १२० दुणे २४०. पहिल्या महिन्याचं व्याज २४० रुपये.

इथंच खरी गोष्ट आहे. एक हजाराचा हप्ता भरला की मुद्दल ११,००० राहिलं. शेकडे ११०. व्याज २२०. पुढच्या महिन्यात १०,००० राहिले, व्याज २००. असं दर महिन्याला व्याज वीस रुपयांनी खाली यायला पाहिजे. शेवटच्या महिन्यात १,००० उरतात, त्याचं व्याज फक्त २० रुपये.

वर्षाचं व्याज काढायला २४०, २२०, २०० पासून २० पर्यंत सगळी बेरीज करावी लागेल. पण बघा, हे सगळे आकडे वीसच्या पटीत आहेत: वीस बारा वेळा, वीस अकरा वेळा, वीस दहा वेळा, असं एकपर्यंत. मग आधी १२ ते १ ची बेरीज करू. १२ आणि १ तेरा, ११ आणि २ तेरा, १० आणि ३ तेरा. अशा सहा जोड्या होतात. सहा तेरा ७८. आणि ७८ गुणिले २० म्हणजे १,५६० रुपये.

व्याज दर महिन्याला २४० च धरत गेलो, तर २४० गुणिले १२ म्हणजे २,८८० रुपये होतात. फरक १,३२० रुपयांचा.

त्या ताईंनी सात हप्त्यांत २४० प्रमाणे १,६८० रुपये व्याज भरलं होतं. भरायला पाहिजे होतं २४०, २२०, २००, १८०, १६०, १४० आणि १२०, म्हणजे १,२६०. जास्तीचे ४२०. गटानं त्याच बैठकीत बाकीच्या कर्जदार बहिणींचीही पानं तपासली आणि जास्तीचं व्याज पुढच्या हप्त्यांत वळतं केलं. कुणी कुणावर ओरडलं नाही. हिशोब लिहिणाऱ्या बहिणीनंच पुढच्या वेळी सगळ्यांना बेरीज मोठ्यानं वाचून दाखवली.

म्हणून तुमची कर्जवही आजच उघडा आणि बघा: हप्ता भरला, मुद्दल कमी झालं, तसं व्याज कमी होतंय का?

अवयव : सारखे वाटे

एखादी संख्या ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भागली जाते, बाकी काही उरत नाही, त्या तिच्या अवयव. पुस्तकात विभाजक असाही शब्द आहे. १२ चे अवयव १, २, ३, ४, ६ आणि १२. म्हणजे १२ लाडू दोघींत, तिघींत, चौघींत, सहा जणींत सारखे वाटता येतात, एकही फोडावा लागत नाही. बांगड्या, केळी डझनावर विकतात ते उगीच नाही. अर्धा डझन, पाव डझन केलं तरी नग फुटत नाही.

आता ११ बघा. ११ ला १ आणि ११ सोडून कुणीच भागत नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. आपल्या गटांत साधारण १० ते २० जणी असतात. त्यात ११, १३, १७ आणि १९ या मूळ संख्या आहेत. गटात १३ जणी असतील आणि कामाच्या सारख्या तुकड्या पाडायच्या म्हटलं, तर होणारच नाहीत. कुणीतरी एक उरते, आणि मग "मीच का?" म्हणून रुसवा. तो रुसवा माणसांचा नाही, आकड्याचा आहे. अशा वेळी एकीला वस्तू मोजायचं किंवा हिशोबाचं काम द्या, बाकी १२ जणींच्या तुकड्या छान पडतात.

पापडाच्या ३६० पाकिटांची ऑर्डर आली. १२ जणी असतील तर प्रत्येकीला ३०. अकरा जणी असतील तर प्रत्येकीला ३२ आणि ८ पाकिटं शिल्लक. ती कुणी करायची आणि त्याचे पैसे कुणाला, हे आधीच बोलून ठरवा.

कर्जाचे हप्ते पाडतानाही अवयवच लागतात. १२,००० चे हप्ते असे पडतात:

६ हप्ते, प्रत्येकी २,०००
८ हप्ते, प्रत्येकी १,५००
१० हप्ते, प्रत्येकी १,२००
१२ हप्ते, प्रत्येकी १,०००
१५ हप्ते, प्रत्येकी ८००

सात हप्ते पाडले तर १,७१४ रुपये आणि वर पैसे येतात. लिहायला किचकट आणि चुकायला सोपं. म्हणून पूर्ण भाग जाणारा आकडा निवडावा. आणि लक्षात ठेवा, हप्ते कमी तेवढं व्याज कमी. बारा हप्त्यांत व्याज १,५६० झालं होतं. सहा हप्त्यांत फेडलं तर २४०, २००, १६०, १२०, ८० आणि ४०, मिळून ८४०. सोयाबीन विकून हातात पैसा आला असेल तर हा विचार जरूर करा. पण घरात दर महिन्याला दोन हजार सुटत नसतील, तर उगीच मोठा हप्ता घेऊन थकबाकीत जाऊ नका.

एक गंमत सांगते. एखादी रक्कम तिघींत सारखी वाटली जाईल का, हे भागाकार न करता कळतं. रकमेतले आकडे मिळवायचे. बेरजेला तीननं भाग गेला तर रकमेलाही जातो. ४,७३१ रुपये घ्या. ४ आणि ७ आणि ३ आणि १, झाले १५. पंधराला तीननं भाग जातो, म्हणून ४,७३१ लाही जातो. प्रत्येकीला १,५७७.

हे कसं होतं? शंभराची नोट तिघींत वाटा: प्रत्येकीला ३३, उरला १ रुपया. दहाची नोट वाटा: प्रत्येकीला ३, उरला १. हजार वाटा: प्रत्येकीला ३३३, उरला १. म्हणजे हजार असो, शंभर असो की दहा, प्रत्येकातून एकच रुपया उरतो. मग ४ हजारांतून ४ रुपये उरले, ७ शेकड्यांतून ७, ३ दशकांतून ३, आणि सुटा १. उरलेले १५ रुपये तिघींत वाटले गेले, की सगळी रक्कम वाटली गेली. यात जादू काही नाही.

घात : पुन्हा पुन्हा गुणाकार

पुन्हा पुन्हा बेरीज म्हणजे गुणाकार. तसा पुन्हा पुन्हा त्याच संख्येनं गुणाकार म्हणजे घात. २ गुणिले २ गुणिले २ म्हणजे ८. याला म्हणतात २ चा तिसरा घात. मुलांच्या पुस्तकात २ लिहून त्याच्या डोक्यावर उजवीकडे बारीक ३ लिहिलेला असतो. तो बारीक आकडा सांगतो, की गुणाकारात दोन किती वेळा घ्यायचे. पोरं कधी कधी त्याचं उत्तर ६ लिहितात. तीन दुणे सहा वेगळं, आणि दोन तीनदा घेऊन गुणणं वेगळं.

दुसऱ्या घाताला वर्ग म्हणतात, तिसऱ्याला घन. वर्ग तर आपल्या जमिनीतच आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. ३३ चा वर्ग १,०८९, म्हणून गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. परसबागेची लांबी दुप्पट केली आणि रुंदीही दुप्पट केली, तर जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. शेळ्यांच्या शेडवर पत्रे टाकताना किंवा ताडपत्री घेताना हे विसरलं की खर्चाचा अंदाज चुकतो.

घाताचा स्वभाव असा, की आधी तो हळू चालतो, मग एकदम उडी मारतो. समजा कुणी म्हणालं, आज एक पैसा देतो आणि रोज दुप्पट करत जातो. दहाव्या दिवशी मिळतील ५ रुपये १२ पैसे. हसाल तुम्ही. विसाव्या दिवशी ५,२४२ रुपये ८८ पैसे. आणि तिसाव्या दिवशी, त्या एका दिवसाचे, ५३,६८,७०९ रुपये १२ पैसे! पहिल्या दहा दिवसांत जे हसण्यावारी गेलं, त्यानंच शेवटी घर भरलं. पैसे यायचे असतील तर ठीक. द्यायचे असतील तर?

व्याजावर व्याज

हा सगळा लेख खरं तर या भागासाठी लिहिला आहे.

आमच्या एका ताईंच्या घरी, गटात येण्याआधी, मुलीच्या लग्नासाठी गावातूनच २०,००० रुपये घेतले होते. शेकडा पाचनं. म्हणजे शंभराला महिन्याला पाच, वर्षाला साठ. ताईंना वाटलं, बँक बारा म्हणते, हा माणूस पाच म्हणतो, म्हणजे स्वस्तच की! बँकेचे बारा वर्षाचे होते आणि त्याचे पाच महिन्याचे, हे कुणी सांगितलंच नाही.

वर्षानं पाडव्याला व्याज देता आलं नाही. तो म्हणाला, काही हरकत नाही, व्याज मुद्दलात मिळवू आणि कागद नवा करू. सोपं वाटलं. शंभर रुपयांवर काय झालं ते बघा:

पहिल्या वर्षी १०० चे १६०.
दुसऱ्या वर्षी १६० वर व्याज ९६, झाले २५६.
तिसऱ्या वर्षी २५६ वर व्याज १५३ रुपये ६० पैसे, झाले ४०९ रुपये ६० पैसे.

दर वर्षी रक्कम १.६ पट होते. तीन वर्षांत १.६ चा तिसरा घात, म्हणजे चारपटीच्या वर. वीस हजारांचे ३२,०००, मग ५१,२००, मग ८१,९२०. व्याज नुसतं मुद्दलावरच धरलं असतं, तर तीन वर्षांत ३६,००० व्याज होऊन ५६,००० झाले असते. तेही भारीच, पण "कागद नवा करू" या एका वाक्याची किंमत वर २५,९२० रुपये पडली.

आपल्याकडे दामदुपट म्हणून जुना नियम आहे: थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. आणि महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. तुमच्या घरी असं काही चालू असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर गटातल्या चार जणींना सोबत घ्या, मलाही सांगा.

कर्ज किती दिवसांत दुप्पट होईल, हे तोंडी काढायची एक युक्ती आहे. ७२ ला शेकड्यानं भागायचं. व्याजावर दर महिन्याला व्याज चढत असेल, तर शेकडा दोननं ३६ महिन्यांत, शेकडा तीननं २४ महिन्यांत, शेकडा सहानं १२ महिन्यांत कर्ज साधारण दुप्पट होतं. हे अंदाजाचं उत्तर आहे, पण सही करण्याआधी सावध व्हायला पुरेसं आहे. आणि ७२ च का? एक तर उत्तर जवळपास बरोबर येतं, आणि दुसरं म्हणजे ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो. बघा, अवयव परत आले.

हीच युक्ती बचतीलाही चालते. ठेवीवर वर्षाला ८ टक्के मिळाले आणि व्याज काढून घेतलं नाही, तर ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षांत रक्कम दुप्पट. आपले पैसे ठेवलेले असतील तर घात आपल्यासाठी राबतो, आणि कर्ज थकलं तर तोच घात आपल्या विरुद्ध राबतो.

कुठंही कर्ज घेताना हे चार प्रश्न विचारा:

१. व्याजाचा दर महिन्याचा आहे की वर्षाचा?
२. हप्ता भरला की व्याज उरलेल्या मुद्दलावर धरणार की पूर्ण रकमेवर?
३. एखादा हप्ता चुकला तर व्याज मुद्दलात मिळवणार का?
४. शेवटपर्यंत सगळे मिळून किती रुपये भरावे लागतील? तो आकडा कागदावर लिहून द्या.

"आपल्याला कुठं गणित येतं"

हे वाक्य मला प्रत्येक गावात ऐकू येतं. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी अंकगणितावर ग्रंथ लिहिला. त्याचं नाव लीलावती. त्यात गुणाकार आहे, वर्ग आणि घन आहेत, व्याजाची गणितं आहेत, आणि कितीतरी गणितं एका बाईला उद्देशून विचारलेली आहेत. तेव्हा गणित बायकांचं नाही, असं निदान गणिताच्या पुस्तकानं तरी कधी म्हटलेलं नाही.

आता थोडा सराव. गटात बसून करा, शाळेतल्या लेकरांनाही सोबत घ्या.

१. कर्ज ९,०००, व्याज शेकडा दोन. पहिल्या महिन्याचं व्याज किती?
२. तेच कर्ज हजाराच्या ९ हप्त्यांत फेडलं, तर एकूण व्याज किती?
३. गटात १४ जणी आहेत. एकापेक्षा जास्त जणींच्या सारख्या तुकड्या कशा पाडता येतील?
४. ५,२६८ रुपये तिघींत सारखे वाटले जातील का?
५. शेकडा चारनं घेतलेलं कर्ज, दर महिन्याला व्याजावर व्याज. साधारण किती महिन्यांत दुप्पट?

उत्तरं: १) १८० रुपये. २) ९ ते १ ची बेरीज ४५, गुणिले २०, म्हणजे ९०० रुपये. ३) ७ जणींच्या २ किंवा २ जणींच्या ७. ४) हो, आकड्यांची बेरीज २१, प्रत्येकीला १,७५६. ५) १८ महिन्यांत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली कर्जवही आणि पेन घेऊन या. आपापलं व्याज आपण स्वतः काढू आणि मग गटाच्या वहीशी ताडून बघू. आकडा जुळला तर चांगलंच. नाही जुळला तर विचारा. मला त्या ताईंनी विचारलं, म्हणून मीही शिकले.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक